वहीतला तिसरा रकाना

अकरा वर्षं परदेशात नर्स होते. परत येताना एक पुठ्ठ्याची लांबट वही मात्र हातातल्या बॅगेत ठेवली होती, कारण ती हरवली असती तर मला माझाच हिशेब लागला नसता. प्रत्येक पानावर तीन रकाने: 'पाठवले', 'पोहोचले' आणि 'मधले'. पहिले दोन माझे मी आखले होते. तिसरा वॉर्डातल्या एका फिलिपिनो सिनियरने आखायला लावला. घरी पहिल्यांदा पैसे पाठवल्याची पावती मी तिला कौतुकाने दाखवली, तर बाईने ती उलटी केली, मागे दोन आकडे लिहिले आणि मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "हे कुठे गेले?"

कुठल्या देशात होते ते लिहीत नाही. नाव सांगितलं की लोक पुढचं ऐकत नाहीत, लगेच तिथला पगार विचारतात. आणि आमच्या वॉर्डात नऊ देशांच्या बायका होत्या. रात्रपाळीत बोलायला बसलो की प्रत्येकीची गोष्ट थोड्याफार फरकाने तीच निघायची.

वहीचं पहिलं पान पाठवलेल्या पैशाचं नाही, दिलेल्या पैशाचं आहे. २०११ मध्ये एजंटला दिलेली रक्कम तिथे मोठ्या आकड्यांत लिहिली आहे आणि तिच्यापुढे, नंतर वेगळ्या शाईने, 'सहा महिने'. म्हणजे कबूल केलेल्या पगाराचे सहा महिने. थोडी बचत होती, थोडं बँकेचं कर्ज काढलं, उरलेले मामाने व्याजाने दिले. सगळेच देतात म्हणून मीही दिले, त्यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलंही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा खाजगी रोजगार एजन्सींबद्दलचा १९९७ चा करार, क्रमांक १८१, मी फार नंतर वाचला. त्याच्या सातव्या कलमात सरळ लिहिलंय की एजन्सीने कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा आडवाटेने फी घेऊ नये. अपवाद ठेवलेत, पण नियम हाच. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांमध्येही एक मोजमाप आहे: परदेशी नोकरी मिळवायला कामगाराने स्वतः केलेला खर्च हा त्याच्या तिथल्या महिन्याच्या कमाईच्या किती पट. ते वाचल्यावर मी 'सहा महिने' लिहिलं.

मग ते खोडून 'नऊ' केलं. त्याचं कारण असं की विमानतळावरून वसतिगृहात पोहोचले त्या संध्याकाळी माझ्यापुढे दुसराच करार आला. निघताना सही केली होती स्टाफ नर्सच्या जागेसाठी, इथे लिहिलं होतं केअर असिस्टंट. "रजिस्ट्रेशन झालं की बदलू," म्हणाले. पगार दोन तृतीयांश. परतीच्या तिकिटाचे पैसे जवळ नव्हते आणि मामाचं व्याज त्याच दिवशी सुरू झालं होतं. मी सही केली. सहा महिन्यांचे नऊ झाले ते असे, पाच मिनिटांत.

पहिले चौदा महिने मी जे पाठवलं ते कर्जात गेलं. शेजारीपाजारी आईला म्हणायचे, "आता काय, परदेशातून पैसे येतात." येत होतेच. घरात थांबत मात्र नव्हते.

रजिस्ट्रेशनची, म्हणजे तिथे नर्स म्हणून नोंदणी होण्याची, गोष्ट लांबलचक आहे आणि ती मी लांबवूनच सांगणार, कारण माझ्या अकरा वर्षांतली सगळ्यात महाग गोष्ट तीच होती. तिथल्या नर्सिंग मंडळाला माझ्या हातून आलेला एकही कागद चालत नव्हता. सगळं मूळ संस्थेकडून थेट यायला हवं: कॉलेजकडून अभ्यासक्रमाचे तास, मूळ नोंदणी मंडळाकडून माझ्यावर कारवाई झालेली नाही असा दाखला, जुन्या हॉस्पिटलकडून अनुभवाचं पत्र. त्यातले तास म्हणजे 'तीन वर्षांचा कोर्स केला' असं मोघम नाही. मानसिक आरोग्याचे वर्गातले किती, वॉर्डातले किती, बालरोगाचे किती, प्रसूतीचे किती. भाऊ कॉलेजात पाच खेपा गेला. तिथले क्लार्क त्याला म्हणाले, "इतके तास कोण मोजत बसतं? मार्कशीट आहे ना?" सहाव्या खेपेला त्याने रिकामा तक्ता स्वतःच आखून नेला आणि जुनी रजिस्टरं काढून क्लार्कच्या शेजारी बसून भरला. तोवर माझी भाषेची परीक्षा बाद झाली होती. तिचा निकाल दोनच वर्षं चालतो, आणि मी ती निघण्यापूर्वी दिली होती. परत फी, परत परीक्षा. ती भाषा मी तेव्हा रोज बारा तास पेशंटशी बोलत होते, हे मंडळाला कळवायला अर्जात जागा नव्हती.

शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा. एका खोलीत पलंगावर पुतळा, कोपऱ्यात परीक्षक. पुतळ्याला आपलं नाव सांगायचं, त्याचं विचारायचं, मनगटावरचा पट्टा जुळवून बघायचा, कशाची ॲलर्जी आहे का विचारायचं आणि रक्तदाब घेऊ का म्हणून परवानगी मागायची. परवानगी परीक्षक देतो, पुतळ्याच्या वतीने, खोल आवाजात. पहिल्या वेळी मला हसू आलं. ते आवरलं, पण पडदा ओढायचा राहिला. नापास. दहा वर्षं मी खऱ्या माणसांना सुया टोचल्या होत्या आणि प्लॅस्टिकच्या माणसाची लाज राखली नाही म्हणून माझं एक वर्ष गेलं असतं. नशिबाने दुसरी तारीख सहा आठवड्यांत मिळाली. तेव्हा राग आला होता. त्या पडद्याचं पुढे काय झालं ते सांगते.

रजिस्ट्रेशन हातात आलं तेव्हा सव्वीस महिने झाले होते. पगार एका दिवसात दीडपट. आदल्या दिवशी जे हात अंथरूण बदलत होते तेच दुसऱ्या दिवशी औषधं देत होते, शिकले होते ते सगळं मी येतानाच घेऊन आले होते. त्या सव्वीस महिन्यांत त्या देशाला नर्स हवी असून मिळाली नाही, माझ्या घराला एक तृतीयांश पैसे कमी मिळाले, आणि जिथून मी आले तिथली नर्स तर गेलीच होती. कुणाचंच भलं न होता गेलेला वेळ. डिसेंबर २०१८ मध्ये मोरोक्कोतल्या मराकेशला संयुक्त राष्ट्रांचा स्थलांतराचा जागतिक करारनामा मंजूर झाला, त्यातल्या तेवीस उद्दिष्टांपैकी अठरावं एकमेकांच्या पदव्या आणि कौशल्यं मान्य करण्याबद्दल आहे. ते बंधनकारक नाही. मी वाचून आमच्या त्या सिनियरला सांगितलं तर ती म्हणाली, "तेवीसात अठरावं का होईना, आलं तर."

आता तिसरा रकाना. पैसे पाठवण्याच्या काउंटरवर पाटी असायची: फी अमुक. कधीकधी 'फी शून्य'. मी फीच बघायचे. खरं कापलं जायचं ते दरात. बाजारात त्या दिवशी चलनाचा जो भाव असतो आणि काउंटरवाला आपल्याला जो देतो त्यातली फट, ती पावतीवर कुठेच छापलेली नसते. माझ्या २०१२ मधल्या एका ओळीत आहे: पाठवले २००, फी ९, दरात गेले ७, मधले १६. शंभराला आठ. त्यात फी ठरलेली, रकमेवर नाही; म्हणजे थोडे थोडे पाठवणाऱ्याला जास्त बसते. भाऊ महिन्यातून दोनदा मागायचा तेव्हा दोनदा ९. हे त्याला समजावल्यावर दोनदा मागणं थांबलं, माझं फोनवर ओरडणं मात्र नाही.

२०० डॉलरच मी उदाहरणाला घेतले कारण जागतिक बँकही जगभरातला खर्च मोजताना तेवढीच रक्कम धरते. २००९ मध्ये जी-८ या बड्या देशांच्या गटाने ठरवलं होतं की पाच वर्षांत हा खर्च सरासरी दहा टक्क्यांवरून पाचवर आणायचा. आला नाही. मग शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली असं लिहिलं गेलं, आणि जगाची सरासरी अजून सहाच्या वरच घोटाळते आहे. ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण २०२३ मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत लोकांनी घरी पाठवलेले पैसे ६५६ अब्ज डॉलर होते, त्या देशांत आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीपेक्षा जास्त. त्याचा एक टक्का म्हणजे साडेसहा अब्ज. ते कुठल्या मदतनिधीतून आणायचे नाहीत, फक्त वाटेत गळू द्यायचे नाहीत.

माझी गळती नंतर कमी झाली. मोबाइलवरून पाठवता यायला लागल्यावर २०० मागे ७ वर आली. वहीत ती ओळ मी दोनदा अधोरेखित केली आहे. सगळ्यांची कमी झाली नाही. ज्यांच्याकडे तिथलं बँक खातं नव्हतं, किंवा कागदच धड नव्हते, त्यांना काउंटर नाहीतर ओळखीचा हवालावाला. आमच्या मजल्यावर सफाई करणारी बाई दर महिन्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाकीट द्यायची. एकदा ते पोहोचलंच नाही. तिच्या वहीत, असती तर, सगळं तिसऱ्या रकान्यात गेलं असतं.

घरी गेलेल्या पैशाचं काय झालं? मला कायम ऐकवलं गेलं की असे पैसे 'खाण्यापिण्यात उडतात', उत्पादक कामात लागत नाहीत. माझी दुसऱ्या रकान्याची नोंद सांगते: कर्ज, आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, छप्पर, भावाची पदविका, पुतणीची शाळा. आईला दिसायला लागल्यावर तिने पुन्हा शिवणकाम सुरू केलं. ही गुंतवणूक की खर्च, ठरवणाऱ्यांनी ठरवावं. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात फिलिपिनो कामगार ज्या ज्या देशांत होते तिथल्या चलनांचे भाव वेगवेगळे बदलले. ज्यांच्या घरी त्यामुळे अचानक जास्त पैसे पोहोचले त्या घरांतली मुलं शाळेत जास्त टिकली आणि मजुरीवर कमी गेली, असं अर्थशास्त्रज्ञ डीन यांग यांनी दाखवलंय. हे मी सिनियरला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. त्या वर्षी ती शाळेत होती आणि तिची आई परदेशात.

२०२० ची पानं वेगळी आहेत. एप्रिलमध्ये जागतिक बँकेचा अंदाज आला की गरीब आणि मध्यम देशांत जाणारे पैसे सुमारे २० टक्क्यांनी घटतील. वाचून मला नवल वाटलं, कारण आमच्या वॉर्डात उलटं चाललं होतं. भावाचं काम बंद होतं, मी जादा पाळ्या घेत होते आणि पाठवायची रक्कम वाढत होती. शेजारच्या दोघी स्वतःचं भाडं थकवून पाठवत होत्या. वर्षअखेरीला घट निघाली १.६ टक्के. अंदाज बांधणाऱ्यांना दोष देत नाही; फक्त त्यांनी आमच्या चहाच्या खोलीत दहा मिनिटं बसायला हवं होतं.

पण मी नुसते पैसे पाठवले असं नाही, मी इथून निघूनही गेले होते. २०१५ च्या सुट्टीत जुन्या हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तेव्हा मेट्रन म्हणाल्या, "तुझी जागा दोन वर्षं रिकामी होती गं. मुली डबल ड्यूटी करत होत्या." टोमणा नव्हता, आणि म्हणूनच जास्त लागला. जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची एक आचारसंहिता आहे: ज्या देशांत आधीच आरोग्य कर्मचाऱ्यांची टंचाई आहे तिथून श्रीमंत देशांनी ओढून भरती करू नये. २०२३ च्या यादीत असे ५५ देश आहेत. मी ज्या दिवशी गेले त्या दिवशी मला कुणी अडवलं असतं तर मी भांडले असते. आजही भांडेन, कारण माणसाला जागेला बांधून ठेवून जागा सुधारत नाही. दुसरी बाजूही खरी आहे. २००० नंतर अमेरिकेने परदेशी नर्सेसना जास्त व्हिसा दिले त्या काळात फिलिपिन्समध्ये नर्सिंगकडे इतक्या मुली वळल्या की गेलेल्यांपेक्षा शिकून तयार झालेल्या जास्त ठरल्या. म्हणजे दार उघडं असलं की बाहेर पडणारे वाढतात, तसे तयारी करणारेही. पण त्यासाठी कॉलेजं लागतात, शिकवणाऱ्या लागतात. त्याचा खर्च ज्या देशाला तयार नर्स मिळते त्याने उचलावा की नाही, हा प्रश्न मला कुठल्याच मुलाखतीत कुणी विचारला नाही. मेट्रनबाईंच्या त्या वाक्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मी बॅगेतली चॉकलेटं टेबलावर ठेवली आणि निघाले. अजून लाज वाटते.

त्या लाजेतूनच आम्ही एका देशाच्या बारा जणींनी वर्गणी काढून एका आरोग्य केंद्राला यंत्र पाठवलं. मोठा फोटो झाला. आठ महिन्यांनी कळलं की एक भाग बिघडल्यापासून ते चादरीखाली झाकून ठेवलंय. दुरुस्ती कुणी करायची ते ठरलंच नव्हतं. मेक्सिकोत २००२ पासून एक योजना होती, 'एकास तीन'. परदेशातल्या लोकांच्या मंडळाने एक डॉलर दिला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक घालायचे. मला त्यातले पैसे चौपट होणं तितकं आवडलं नाही, जितकं हे की नगरपालिका पहिल्या दिवसापासून कागदावर असायची. आमच्या यंत्राच्या कागदावर फक्त आमची नावं होती.

२०२२ मध्ये परत आले आणि त्याच मेट्रनबाईंच्या हाताखाली, त्या निवृत्त व्हायच्या आधी वर्षभर, काम केलं. पहिल्याच आठवड्यात मी पेशंटला इंजेक्शन देण्याआधी पडदा ओढला आणि विचारलं, "टोचू का?" त्या आजीबाई घाबरल्या. त्यांना वाटलं, काहीतरी मोठं आहे म्हणूनच विचारतेय. वॉर्डातल्या मुली हसल्या. मग हात कधी धुवायचे ते ठरलेले पाच क्षण, पट्ट्यावरचं नाव, औषध देताना दुसऱ्या नर्सकडून तपासून घेणं. "तिकडे पुतळ्यांना विचारतात म्हणे," असं माझ्यामागे बोललं जायचं. समाजशास्त्रज्ञ पेगी लेविट यांनी १९९८ मध्ये अशा गोष्टींना नाव दिलं आहे, 'सोशल रेमिटन्स': माणसं पैशाबरोबर घरी पाठवतात त्या सवयी, कल्पना, वागण्याच्या तऱ्हा. त्यांना फी लागत नाही हे खरं, पण पोहोचायला वेळ लागतो. सहा महिन्यांनी वॉर्डात पडदे नव्हते तिथे जुन्या चादरी दोरीवर आल्या. मी सांगितलं नव्हतं. मेट्रनबाईंनी एका सकाळी स्वतः दोरी बांधली आणि मला म्हणाल्या, "बघतेस काय, ते टोक धर."

शेवटच्या पानावरची नोंद निवृत्तिवेतनाची आहे. अकरा वर्षं माझ्या पगारातून तिथल्या पेन्शन खात्यात हप्ता कापला गेला. दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचा करार असता तर ती वर्षं इथल्या वर्षांत धरली गेली असती. तसा करार नाही, आणि तिथली किमान वर्षं माझी भरत नाहीत. मराकेशच्या करारनाम्यात यासाठीही एक उद्दिष्ट आहे, बाविसावं. मी अर्ज केलाय. उत्तर येईपर्यंत ती रक्कम तिसऱ्या रकान्यात, पेन्सिलने.

मागच्या महिन्यात वॉर्डातली एक मुलगी करार घेऊन आली. तेविशीची आहे, माझ्यासारखीच घाईत. "सिस्टर, जरा बघता का?" मी पदनाम बघितलं, रजिस्ट्रेशन कुणी करून द्यायचं ते बघितलं, आणि विचारलं, "एजंट किती मागतोय?" तिने आकडा सांगितला. मी म्हटलं, "आकडा नको. महिने सांग."

ती बोटांवर मोजायला लागली. चौथ्या बोटाशी थांबली, माझ्याकडे बघितलं आणि परत पहिल्यापासून मोजायला लागली. मी तोवर कपाटातून कोरी वही काढली आणि पट्टी शोधत बसले.